पटावरचं विसावं नाव

मी जिल्हा परिषदेच्या एका दोन शिक्षकी शाळेचा मुख्याध्यापक आहे. शाळा पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावर, पहिली ते चौथीपर्यंत. घर नाशिकला, म्हसरूळच्या बाजूला. रोज सकाळी मोटारसायकलने घाट ओलांडतो, संध्याकाळी परत येतो. शिक्षणहक्काचा कायदा मला चांगला ठाऊक आहे. प्रशिक्षणांत मी तो इतर शिक्षकांना शिकवला आहे. म्हणून पुढे जे लिहितो आहे ते मला माहीत नव्हतं म्हणून घडलं, असं कुणी समजू नये.

दिवाळीनंतर भात आणि नागली घरात आली की आमच्या पाड्यावरची माणसं दिंडोरीकडे द्राक्षाच्या कामाला जातात, ती शिमग्याला परततात. मुलं बहुतेक म्हाताऱ्यांजवळ मागे राहतात. तिसरीतल्या एका मुलीच्या घरात म्हातारं कुणी नव्हतं. ती आईबापाबरोबर जाणार होती, कडेवर धाकटा भाऊ घेऊन. निघायच्या आदल्या दिवशी तिची आई शाळेत आली.

"गुरुजी, तिकडं शाळा हाय म्हनं. हिला बसवतील ना?"

"बसवतील की. कायदाच आहे तसा."

"कागुद काय लागंल?"

"काही लागत नाही. मी आहे ना."

कागद होता. अशा मुलांसाठी शासनाने हमी कार्ड काढलेलं आहे. गावच्या शाळेने ते भरून द्यायचं आणि मूल जिथे जाईल तिथल्या शाळेने त्याला दाखल करून घ्यायचं. माझ्या कपाटात त्या कार्डांचा कोरा गठ्ठा होता. मी तो उघडला नाही. माझा पट बरोबर वीस होता आणि वीसच्या आतल्या शाळा बंद करण्याचा 'विचार चालू' असल्याचं प्रत्येक बैठकीत ऐकवलं जात होतं. कार्ड दिलं असतं तर एक मूल इथे नाही, हे मीच लिहून दिल्यासारखं झालं असतं.

ती गेली आणि हजेरीपटावर रोज हजर राहिली. पोषण आहाराच्या नोंदीत रोज जेवली. खिचडी शिजवणाऱ्या बाई माझ्याकडे बघायच्या, पातेल्याकडे बघायच्या आणि ढवळत राहायच्या.

महिनाभराने एका रविवारी घरी असताना फोन आला. द्राक्षबागांकडच्या एका शाळेतल्या शिक्षिका होत्या.

"सर, तुमची एक मुलगी माझ्या वर्गात बसते. तिसरीची. नाव घालायला गेले तर संगणक म्हणतो, ती तुमच्याकडे आहे. तिचं नाव इकडे घ्यायची विनंती पाठवलीय, तेवढी मंजूर करा."

"आमच्याकडे रेंज नसते हो, मॅडम."

"मग आत्ता काय भोंग्यावरून बोलताय?"

"आत्ता नाशिकला आहे मी."

"मग नाशिकला असेल की रेंज."

मी बघतो म्हणालो. त्यांनी नंतर चारदा फोन केला आणि चारही वेळा मी बघतो म्हणालो.

दाखला नाही म्हणून कोणत्याही मुलाला परत पाठवता येणार नाही, असं कायदा सांगतो. पण एक मूल दोन शाळांत दिसलं तर संगणक घेत नाही आणि जे मूल संगणकात नाही ते कुणाच्याच हिशेबात धरलं जात नाही. ज्यांनी कायदा लिहिला त्यांनी हा संगणक बघितला नसेल आणि ज्यांनी संगणक बसवला त्यांनी कायदा वाचला नसेल. दोघांनाही आमच्या पाड्यावर एक दिवस आणून बसवावं, असं मला वाटायचं, अजून वाटतं. शाळा वीस मुलांनी टिकते आणि एकोणिसांनी मोडते, हे ठरवणारा माणूस कुठल्या खोलीत बसतो ते मला एकदा बघायचं आहे. जवळची दुसरी शाळा ओढ्यापलीकडे आहे. पावसाळ्यात तो ओढा मोठ्यांनाही ओलांडता येत नाही. हे कुठल्याच रकान्यात लिहायला जागा नाही.

केंद्रप्रमुखांना मी विचारलं. ते आमच्या आसपासच्या शाळांवर देखरेख ठेवतात.

"पट तपासणी होईपर्यंत एकालाही सोडायचं नाही," ते म्हणाले. "एकोणीस झाले की माझ्याकडे रडत यायचं नाही. समायोजनात तुम्हाला कुठे टाकतील सांगता येत नाही. मग करा रोज नाशिकहून ये-जा."

मी सगळ्यांना सांगत आलो की पाड्यावरच्या मुलांची शाळा वाचावी म्हणून मी हे केलं. ते खोटं नाही. पण त्यांचं शेवटचं वाक्य ऐकल्यावर मी विनंती मंजूर करण्याचा विचार कायमचा सोडला, हेही खरं आहे. माझ्या मुलीचं बारावीचं वर्ष होतं. मला नाशिक सोडायचं नव्हतं.

तपासणीचा दिवस आदल्या संध्याकाळी कळला. मी पहाटे निघून दिंडोरीच्या बाजूला त्या बागेवर गेलो. तिची आई चुलीपाशी होती. एका दिवसासाठी पोरीला नेतो म्हटल्यावर तिने काही विचारलं नाही. गुरुजी न्यायला आले याचं तिला कौतुकच वाटलं. मुलगी केस विंचरून मागे बसली. घाटात म्हणाली, "गुरुजी, आज मॅडम आमचं गोष्टीचं नाटक घेनार होत्या. मी कोल्हीन हाय."

"उद्या घेतील," मी म्हणालो.

वर्गात पोरींनी तिला चिडवलं. "पाव्हणी आली, पाव्हणी आली." तपासणीचे साहेब तेव्हा दारातच होते.

"पाहुणी कोण?"

"ही, साहेब. मामाकडे गेली होती दोन दिवस," मी म्हणालो.

मुलीने माझ्याकडे पाहिलं. मग साहेबांनी पुढे केलेला उतारा तिने न अडखळता वाचला. साहेब तिला शाब्बास म्हणाले आणि वीसवर सही करून गेले. संध्याकाळी मी तिला बागेवर सोडलं.

त्याच आठवड्यात त्या मॅडमचा शेवटचा फोन आला. त्यांच्या शाळेचीही तपासणी झाली होती. पटावर नसलेली मुलगी वर्गात बसून जेवते आहे म्हणून त्यांच्या मुख्याध्यापकांना खुलासा विचारला होता.

"सर, त्यांनी तिला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलंय. मी भांडले. ते म्हणाले, ती पेठला हजर आहे, तर इथली ही कोण? काय सांगू मी त्यांना?"

मी याही वेळी बघतो म्हणालो.

"तुम्ही तिला वाचायला चांगलं शिकवलंय हो," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

शिमग्याला कुटुंब परत आलं, पण ती शाळेत आली नाही. वर्षअखेरीस कागदावर ती तिसरी पास होऊन चौथीत गेली. जूनमध्ये मी तिच्या घरी गेलो. ती आतून बाहेर आली नाही. आई अंगणात उभी होती.

"तिकडं हाकलली पोरीला, सगळ्यांसमोर. म्हनं तुझं नाव नाय. इथं नाव हाय तर तुमी म्हनला मामाकडं गेली व्हती. ती म्हनते, शाळेत खोटं बोलत्यात."

"चुकलं माझं. पाठवा तिला."

"सांगून बघा तुमीच. माझं नाय ऐकत."

मी दारातून हाक मारली. आतून धाकट्याचं रडणं तेवढं ऐकू आलं.

जुलैमध्ये शाळाबाह्य मुलांचं सर्वेक्षण आलं. सलग महिनाभर न येणारं मूल शाळाबाह्य धरायचं, असं त्यात स्पष्ट लिहिलेलं असतं. दरवर्षी आम्ही सगळे शिक्षक त्यावर 'निरंक', म्हणजे असं एकही मूल नाही, असं लिहून देतो. या वर्षी मी तिचं नाव लिहिलं, वय नऊ लिहिलं आणि तक्ता पाठवला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी नाशिकहून निघतानाच केंद्रप्रमुखांचा फोन आला.

"हे काय पाठवलंत?"

"खरं आहे ते."

"खरं असेल. वर गेलं की ते हजेरीपट मागतील. त्यावर सह्या कुणाच्या आहेत? जेवणाच्या नोंदी कुणाच्या? निलंबन तुमचं होईल, शाळा बंद होईल, आणि पोरगी काय परत येणार आहे का? दुसरा तक्ता भरा. दुपारपर्यंत द्या."

संताप त्यांचा आला, त्या साहेबांचा आला, वीस या आकड्याचा आला. पण हजेरीपटावरच्या सह्या माझ्या होत्या, एकूण एक. शाळेत पोचलो तेव्हा खिडकीतून समोरचं शेत दिसत होतं. भाताची आवणी चालू होती. गुडघाभर चिखलात आईच्या शेजारी ती वाकून रोपं लावत होती, शाळेकडे पाठ करून.

मी नवा तक्ता घेतला, निरंक लिहिलं आणि सही केली.