कुठेतरी पाणी मुरतंय

कंडक्टरकाकांना निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण त्यांच्या पायांना ती बातमी अजून पोचली नव्हती. सारं आयुष्य धावत्या बसमध्ये उभं राहून गेलेलं. घरात रिकामी खुर्ची दिसली, तरी ती दुसऱ्या कुणासाठी राखीव असावी असं त्यांना वाटे. म्हणून ते सदा गच्चीवर. तिथं पत्र्याच्या डब्यांत आणि फुटक्या टबांत त्यांनी टोमॅटो, वांगी, मिरच्या लावल्या. बघता बघता शेजारीही हौसेनं सामील झाले. कुणी वाफ्यात पाय घातला की काका गरजत, "पुढे सरका, पुढे सरका, मागं वांगी उभी आहेत!"

पण हल्ली काकांचा जीव थाऱ्यावर नव्हता. गच्चीच्या बरोबर खाली त्यांचंच घर, आणि काकूंच्या पलंगाच्या वर, छताला ताटाएवढा ओला डाग उमटला होता. शेजाऱ्यांना कळलं तर अख्खी बाग काढावी लागेल, हे त्यांना पक्कं ठाऊक. काकू बाजारात गेल्या की ते स्टुलावर चढून डागावर चुन्याचा हात मारत. चार दिवसांत डाग पुन्हा हजर. काकूंना चष्म्याशिवाय लांबचं दिसत नसे, तेवढीच सोय होती.

काकूंना खोकला मात्र लागला होता. खोकल्याची उबळ आली की काका "हवा बदललीय" म्हणत आणि जिन्याकडे पळत.

एक दिवस जेवताना काका अर्ध्यावरच उठले, तशी काकूंनी त्यांना अडवलं. "सारखं काय वर असतं हो तुमचं? ताटावरून उठता, झोपेतून उठता. कुठेतरी पाणी मुरतंय."

काकांचा चेहरा पांढरा पडला. "तुला कुणी सांगितलं? फार नाही गं मुरत! एवढासा तर डाग, मी चुना लावलाय त्याला!"

काकू बघतच राहिल्या. त्यांचा संशय भलताच होता. खालच्या मजल्यावरची टेलरबाई हल्ली टोमॅटो फार नेत होती, एवढंच त्यांच्या मनात होतं. पण चोराच्या मनात चांदणं.

"कसला डाग?" म्हणत त्यांनी चष्मा चढवला आणि पलंगापाशी जाऊन वर पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"म्हणजे मी खोकून खोकून अर्धी झाले, आणि तुम्हाला माहीत होतं कशानं."

"बाग जाईल अशी भीती वाटली."

"आणि मी गेले असते म्हणजे?"

काकांना लाज वाटली. इतकी, की जिन्यानं वर जाताना कठडा धरावा लागला.

गच्चीवर टेलरबाई मिरच्या तोडत होती. दोघं-तिघं आणखी होते. "माझ्या डब्यांखाली पाणी मुरतंय," काका मोठ्यानं म्हणाले. "बायको आजारी पडलीय. आजपासून बाग बंद." कुणी काही बोलायच्या आत त्यांनी काकूंच्या पलंगाच्या बरोबर वर येणारा पहिला टब ओढला. त्याखालची फरशी ओलीगार होती.

काकू धापा टाकत वर आल्या, तेव्हा निम्मी माती पोत्यांत गेली होती. काकांनी रिकामा टब पालथा घातला, सदऱ्यानं पुसला.

"बस. ही सीट राखीव आहे."

"आणि तुम्ही?"

"मी उभाच बरा."

काकू बसल्या. मग त्यांना उबळ आली, लांबलचक. काका जागचे हलले नाहीत.