खांद्याचे पट्टे

मृणालने कंबरेचा पट्टा दोन्ही हातांनी ओढून बघितला, मान वळवून सीटच्या मागे नजर टाकली आणि विचारलं, "काका, खांद्याचे पट्टे कुठेत?"

"खांद्याचे?" प्रफुल्ल म्हणाला. "कंबरेचे आहेत ना. चांगले जाड घेतलेत."

"कंबरेचा पट्टा फक्त कंबर धरतो. विमान नाकावर आदळलं की वरचं सगळं अंग पुढे फेकलं जातं. आणि पुढे काय आहे बघा."

पुढे प्रफुल्लने स्वतः कापून, घासून चकचकीत केलेला पत्र्याचा पॅनल होता. त्यात वेग, उंची, तेलाचा दाब दाखवणाऱ्या गोल तबकड्या. खडवलीच्या त्या शेडमध्ये सगळ्यात देखणी वस्तू कोणती, तर तो पॅनलच.

"तोंड यावर येणार," मृणाल म्हणाली. "ज्या अपघातातून माणूस खरचटून बाहेर यायचा, त्यात तो जातो. हे पट्टे बसवा, मग मी परत येते. बाकी काम सुंदर झालंय, खरंच."

मृणाल ठाण्याची, विमानांची इंजिनिअर. उडवायच्या परवानगीचं पुढे सरकण्याआधी जाणत्या माणसाची नजर पडावी, म्हणून प्रफुल्लने तिला मुद्दाम बोलावलेलं. 'सुंदर झालंय' हे तिचे शब्द त्याने विश्रामला सांगायला जपून ठेवले.

प्रफुल्ल गांगुर्डे कोपरला राहायचा. कोलशेतच्या एका कारखान्यात त्याचा जन्म वेल्डिंगमध्ये गेला. विश्राम म्हात्रे त्याच खात्यातला, खडवलीचा, आगरी. डबा खाताना एकदा प्रफुल्ल सहज बोलून गेला की नळ्यांचा सांगाडा आणि वर कापड एवढंच तर असतं हलक्या विमानात, आपण दोघं मिळून बांधू शकतो. सगळे हसले, विश्राम हसला नाही. "माझी शेड रिकामी हाय," एवढंच म्हणाला. कारखाना बंद पडला, डबा खाणारी माणसं चहूकडे पांगली, पण हे दोघे दर रविवारी त्या शेडमध्ये भेटत राहिले. नकाशे मागवले, नळ्या आणल्या, सांगाडा जोडला, पंख केले. प्रफुल्लची बायको प्रीती आधी चिडायची, मग थट्टा करायची, मग डबा देताना नुसतं विचारायला लागली, "तुमचं विमान काय म्हणतंय?" वस्तीत त्याला 'पायलट' म्हणायचे. बुद्धजयंतीच्या मिरवणुकीत पोरं ओरडायची, "पायलट, फुलं वरून टाका!" तोही हात हलवायचा. टाकू की, म्हणायचा.

आदल्या वर्षी विश्रामला अर्धांगवायूचा झटका आला. डावी बाजू गेली. बोलणं फुटायचं, पण शब्द चिखलातून पाय ओढावा तसे यायचे. खुर्चीत बसवला की डावीकडे कलंडायचा, म्हणून त्याची बायको जया त्याला जुन्या लुगड्याने खुर्चीला बांधून ठेवायची. घर शेडला लागूनच. ओट्यावर बांधलेला विश्राम दर रविवारी शेडच्या दाराकडे बघत बसायचा. आत कापायचा, घासायचा, ठोकायचा आवाज आला की आज काय चाललंय ते त्याला बसल्या जागी कळायचं.

त्या दिवशी प्रफुल्लने त्याला सगळं सांगितलं. 'सुंदर झालंय' हेही सांगितलं.

"पट्टं बसव," विश्राम म्हणाला. मग बराच वेळ शब्द जुळवून, "मना… बसव. आत."

"तुला आत बसवू?"

विश्रामने मान हलवली. कंबरेच्या पट्ट्यावर तो बसू शकला नसता, हे दोघांनाही कळत होतं. खांद्यावरून पट्टे आले तर मात्र तो सरळ राहील. प्रफुल्लच्या अंगात उत्साह संचारला. "पहिला तूच," तो म्हणाला. "शब्द देतो."

पट्टे आले. निळे, रुंद, मधोमध एकच गोल बकल, फिरवलं की सगळे पट्टे एकदम सुटतात. आता ते बांधायचे कुठे हा प्रश्न. सीटच्या पाठीला बांधून उपयोग नव्हता, धक्का बसला की पाठच मोडून यायची. सीटमागे सांगाड्यात एक आडवी नळी होती, पण ती खांद्याच्या बरीच खाली. मृणाल फोनवर म्हणाली, "तिथे नको हं काका. पट्टा खाली ओढला गेला की धक्क्यात मणकाच दाबला जातो. खांद्याच्या पातळीत हवा, किंचित वर चालेल. आणि नळीला भोक पाडू नका, नळी तिथेच तुटते. नवीन आडवी नळी वेल्ड करा, मागून तिरके टेकू द्या."

वेल्डिंग म्हणजे आग, आणि कापड तर भडकन पेटणारं. म्हणजे केबिनमागचं कापड काढणं आलं. विश्रामच्या हातचं ते कापड. त्याने ते इस्त्रीने असं ताणून बसवलेलं की टिचकी मारली तर ढोलकीसारखं वाजायचं. प्रफुल्लने ब्लेड टेकवलं, क्षणभर थांबला, आणि शेपटीपर्यंत चीर दिली.

आत सगळं ठीक दिसत होतं. रंग शाबूत. वरच्या नळ्या त्याने वाजवून बघितल्या, ठणठणीत. मग सवयीने खालच्या नळीवर हातोडी मारली. आवाज बद्द आला.

त्याला वाटलं, आपलेच कान. पुन्हा मारली. मग त्याने स्क्रूड्रायव्हर घेतला, टोक नळीवर ठेवून दाबलं, आणि ते सरळ आत गेलं. पिकलेल्या पपईत जावं तसं. रंगाच्या पापुद्र्याखाली लोखंड उरलंच नव्हतं, होता तो तांबूस भुगा. तो गुडघ्यांवर सरकत मागे गेला, हातभर अंतरावर परत दाबलं. परत आत. दुसऱ्या बाजूची नळी, तीही तशीच. थेट शेपटीपर्यंत.

भातसा नदी शेडमध्ये शिरली होती ते साल त्याला आठवलं. विमान वाचवलं म्हणून तेव्हा दोघांनी केवढा अभिमान मिरवलेला! साखळीच्या पुलीने नाक उचलून आढ्याला बांधलं, इंजिन कोरडं राहिलं. शेपटी तेवढी दोन दिवस पाण्यात होती. ओसरल्यावर धुतली, पुसली, वर नवा रंग दिला. पाणी बोल्टच्या भोकांतून नळ्यांच्या आत शिरलं असेल आणि बाहेर पडायला त्याला वाटच नसेल, हे पत्र्यालोखंडात जन्म घालवलेल्या त्या दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. पाणी ओसरल्याचा आनंदच तेवढा होता.

एखादी नळी बदलता आली असती. पण अख्खा खालचा सांगाडा बदलायचा म्हणजे पुन्हा नवं विमान बांधायचं. प्रफुल्लला डाव्या डोळ्याने वेल्डिंगची रेघ आता धड दिसत नव्हती. आणि जोडीदार ओट्यावर लुगड्याने बांधलेला.

बाहेरून हाक आली, "पर… फुल… पट्टं बसलं का?"

प्रफुल्ल तोंड पुसून दारात आला. "बसवतोय," तो म्हणाला. "वेळ लागेल जरा."

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण विश्रामचा चेहरा एका बाजूने हसत होता, आणि प्रफुल्लची जीभ उचलली नाही.

पुढच्या रविवारी तो गेला आणि त्याने काम सुरू केलं. जे विमान जमिनीवरून कधीच उठणार नाही, त्यात त्याने उजव्या डोळ्याने बघत खांद्याच्या पातळीत नवी नळी वेल्ड केली, मागून तिरके टेकू दिले, कड्या बसवल्या. मृणालने सांगितलं होतं तसंच, तसूभर फरक नाही. तिला मात्र फोन केला नाही. प्रीतीलाही सांगितलं नाही. ती घरात विचारायची, "तब्येत बरी नाही का?" तो म्हणायचा, "डोळा दुखतो." रात्र कशीबशी काढायचा. कधी वाटायचं सांगून टाकावं. लगेच वाटायचं, एकदा आत बसू दे त्याला, मग सांगू. दिलेला शब्द तेवढा पाळू.

तो रविवार उजाडला. जयाने विश्रामची दाढी केली, पांढरा सदरा घातला. तिने आणि प्रफुल्लने मिळून त्याला उचलून आत ठेवलं. प्रफुल्लने निळे पट्टे त्याच्या दोन्ही खांद्यांवरून घेतले, छातीवर आणले, बकलमध्ये अडकवले, ओढले. विश्राम ताठ बसला. झटका आल्यापासून तसा तो पहिल्यांदाच बसला होता, कोणी न धरता, मान वर. जया पदर तोंडावर धरून बाजूला झाली.

प्रफुल्ल शेजारी बसला. चाकांना लाकडी ठोकळे लावले होते. इंजिन सुरू केलं. शेड थरथरली, कोपऱ्यातला धुरळा उडाला. विश्रामने उजव्या हाताने विमान चालवायचा दांडा धरला आणि समोरच्या उघड्या दारातून शेताकडे बघितलं. शेत दोघांनीच रोलर फिरवून सपाट केलेलं, त्याच्यासाठीच.

"पलव," विश्राम म्हणाला.

"आज नको."

"थोरं. जमिनीवर. पलव ना रं."

तेही शक्य नव्हतं. शेपटीचं चाक त्या सडक्या नळ्यांनाच लटकलेलं, पहिल्या धक्क्यालाच तुटून पडलं असतं. प्रफुल्लने इंजिन बंद केलं. आवाज विरल्यावर शेडमध्ये नुसतं पत्र्यांचं तडतडणं उरलं.

"विश्राम, शेपटी सडलीय," तो म्हणाला. "खालच्या दोन्ही नळ्या. पुराचं पाणी आतच राहिलेलं. हे विमान उडणार नाही रे."

विश्राम समोरच बघत होता. मग हळूहळू एकेक शब्द आला. "कवा… कललं तुला?"

"कापड काढलं तेव्हा."

"पट्ट्यांच्या… आदी?"

"हो," प्रफुल्ल म्हणाला.

"मंग ह्ये… कशाला बांदलंस मना?"

"तुला बसायचं होतं ना. मला वाटलं, एकदा तरी—"

विश्रामने उजवा हात दांड्यावरून काढला, छातीवर आणला आणि बकल फिरवलं. सगळे पट्टे एकदम सुटले. त्याचं अंग पुढे गेलं ते गेलंच. प्रफुल्लने हात घातला, पण उशीर झाला, कपाळ पॅनलच्या कडेवर आपटलं. जया ओरडत धावली. दोघांनी त्याला मागे ओढलं तेव्हा भुवईवरून रक्ताची धार लागली होती. जखम मोठी नव्हती. पण तो प्रफुल्लकडे बघेना.

ओट्यावर नेल्यावर, जया हळद दाबत असताना, तो स्पष्ट, एकाही अडखळीशिवाय बोलला. "तू मना फसवलास. जा."

प्रफुल्ल पुढच्या रविवारी गेला. जया दारातच उभी राहिली. "ते नको बोलतात, भावजी," ती म्हणाली. "खुर्ची पन फिरवून घेतली. शेडकडं तोंड नको बोलले." त्याच्या पुढच्या रविवारीही तसंच. प्रीती म्हणाली, मी येते, मी समजावते. तीही जाऊन आली. विश्राम तिच्याशी बोलला, प्रीतमच्या, म्हणजे तिच्या भाच्याच्या, लग्नाची चौकशीसुद्धा केली. प्रफुल्लचं नाव निघालं की डोळे मिटून घ्यायचा.

थंडीत दुसरा झटका आला. प्रफुल्ल पोचला तेव्हा तिरडी बांधून झाली होती. मयताभोवती सगळे भाऊबंद, सुंभाच्या गाठी पक्क्या मारल्या होत्या. त्याने पायांना हात लावला. कोणीतरी विचारलं, हा कोण? दुसरा म्हणाला, तो विमानवाला.

पुढे जयाने निरोप धाडला की शेड भाड्याने द्यायची आहे, मंडपवाल्याला सामान ठेवायला हवी आहे. प्रफुल्ल ग्राइंडर घेऊन गेला. दुसऱ्या कोणाला त्याने हात लावू दिला नाही. इंजिन मृणालच्या ओळखीने कोणीतरी नेलं. पंख उतरवले, सांगाड्याचे तुकडे केले. खालची नळी अगदी शेपटीच्या टोकाशी कापली तेव्हा तिच्यातून ओंजळभर काळं पाणी सांडलं. इतक्या वर्षांनी अजून ओलं होतं ते. वास मारत होता.

जयाने चहा आणून ठेवला. ती तिथेच उभी राहिली.

"त्याने काही निरोप ठेवला होता का माझ्यासाठी?" प्रफुल्लने विचारलं. "शेवटी?"

जयाने विचार केला. खोटं बोलायचं तिच्या मनात असावं, कारण तोंड उघडून तिने मिटलं.

"नाय, भावजी," ती म्हणाली. "काय नाय बोलले."

त्याने चहा प्यायला, कप विसळून ठेवला, आणि उरलेली नळी कापायला घेतली.