कापडावरची दोन बोटं

मी सात वर्षांची असताना आईचा डावा हात कापसातली सरकी काढायच्या जिनिंगच्या मशीनमध्ये गेला. दोन बोटं मुळापासून तुटली. दोंडाईच्याच्या त्या जिनिंगवाल्याने दुसऱ्या दिवशी तिच्या जागी दुसरी बाई उभी केली. तेव्हापासून आई तो हात पदराखाली ठेवायची. लग्नकार्यात ओटी भरायची वेळ आली की शेजारची बाई हळूच ताट स्वतःकडे ओढून घ्यायची. तुटक्या हाताची ओटी कुणालाच नको असते. आई हसून मागे सरायची. मला त्या बायांचा असा संताप यायचा की ताट उधळून द्यावंसं वाटायचं.

नव्वद-एक्याण्णवची गोष्ट. मी धुळ्याला कॉलेजात होते. तिथल्या एका संग्रहालयाने कष्टकरी बायांना कळवलं, आपली गोष्ट मांजरपाटाच्या कापडावर दोऱ्याने भरून द्या, आम्ही ती काचेत लावू. आईच्या हातात भरतकामाची कला होती. मी तिच्या मागेच लागले.

रिंग दोन्ही गुडघ्यांत धरून ती दोन महिने भरत होती. कापूस वेचणाऱ्या बाया, जिनिंगचं पत्र्याचं छप्पर, मजुरीची रांग, आणि शेवटी चुलीपुढे भाकरी थापणारी ती स्वतः. दोन्ही हात पुढे, दहाच्या दहा बोटं. नखांना तर गुलाबी दोरा घातलेला. सगळ्यात जास्त दिवस तिने त्या हातांवरच घालवले.

"आई, हे खोटं आहे," मी म्हटलं.

"मनी गोष्ट शे ना? मंग ऱ्हाऊ दे."

गोष्ट तिची असली म्हणून काय झालं, हिला काय कळतंय, असं मला वाटलं. शिकलेली ना मी! जगाला कळायला नको का, तिच्यावर काय गुदरलं ते? कापड द्यायच्या आदल्या दिवशी ती दळणाला गेली, तेव्हा मी ब्लेडने दोन बोटं उसवली आणि त्या जागी लाल दोऱ्याचे टाके घातले. तिला न सांगता कापड देऊन आले.

प्रदर्शनाला आई नवं लुगडं नेसून आली. काचेपुढे गर्दी होती. संग्रहालयाच्या बाई तेच लाल टाके सगळ्यांना दाखवत होत्या. "किती धीट! काही म्हणजे काही लपवलं नाही." मग त्यांनी अगदी प्रेमाने आईचा हात पदराखालून बाहेर काढला आणि लोकांपुढे वर धरला. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. आई मात्र कापडाकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला.

लोक पांगल्यावर तिने हात पुन्हा पदरात घेतला.

"आठे बी कापी टाकात तू," काचेवर, लाल टाक्यांपाशी बोट टेकवून ती म्हणाली. "त्या मशीनले तरी दिखत नव्हतं."