डावा खुबा

लेक पहिल्या बाळंतपणाला पारनेरला आली तेव्हाच तिची कंबर धरलेली होती. चालायला लागल्यापासून ती लंगडते. लहानपणी सगळे म्हणायचे, पोर ठुमकत चालते. मीही हसायचे.

नगरच्या दवाखान्यात व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी आधी मलाच चालायला लावलं, माझे हात माझ्याच कमरेवर ठेवून. पाऊल पुढे पडतं तसं त्या बाजूचं हाड पुढे येतं, उचललेल्या पायाकडची बाजू किंचित खाली उतरते, आणि वर कण्याचा खालचा भाग उलट अंगाला वळून तोल धरतो. इतकी वर्षं चालले, पण हे हाताला कधी लागलं नव्हतं. मग त्यांनी माझे हात लेकीच्या कमरेवर ठेवले. डावा पाय टेकला की तिची उजवी बाजू धसकन खाली जायची, आणि ती सावरायला सगळं अंग डावीकडे झुकायचं. डाव्या खुब्याची वाटी उथळ राहिलीय, त्या म्हणाल्या, म्हणून प्रत्येक पावलाचा हिसका कण्याला बसतो. तान्हेपणी पाय सरळ ओढून घट्ट बांधायचात का? खुब्यात कधी काही सरकल्यासारखं लागलं होतं?

आठवत नाही, मी म्हणाले. लेक शेजारीच उभी होती.

आठवत होतं. तेल लावताना डाव्या खुब्यात खट्कन काहीतरी सरकायचं. एकदा नव्हे, रोज. मुलगी झाली म्हणून घरात आधीच तोंडं उतरलेली. त्यात खोट आहे हे सांगायला जीभ रेटली नाही. घट्ट बांधलं की हाड आपोआप बसेल, अशी मनाची समजूत घातली.

नात झाली. न्हाऊ घालायला लेकीच्या वेळचीच बाई आली, आता पार वाकलेली. अंघोळ झाल्यावर तिनं बाळाचे पाय जुळवून खाली ओढले आणि दुपटं आवळलं. पाय मोकळे ठेवा, मी म्हणाले. ती हसली.

“आता मोकळे व्हय? लेकीच्या वक्ताला तुमीच म्हनायच्या, वयनी, अजून आवळ. डावा पाय तर लई वढून धरायला लावायच्या.”

लेक भिंतीला टेकून बसली होती. बाई गेल्यावर तिनं बाळ मांडीवर घेतलं. मग म्हणाली, “डावाच का?”

सांगितलं. दवाखान्यात खोटं बोलले तेही सांगितलं. ती रडली नाही, भांडली नाही. दुपटं सोडून बाळ माझ्यापुढे ठेवलं.

“तुझ्या हाताला कळतं ना? बघ मग.”

मी बाळाचे गुडघे दुमडून अलगद बाहेर वळवले. उजवा नीट फिरला. डाव्यात, हाताखालून काहीतरी निसटावं तसं, तेच लागलं. ‘काही नाही’ हे शब्द आताही ओठांवर आले होते. ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

“आहे,” मी म्हणाले. “डावीकडेच.”

बाळंतिणीनं इतक्यात उंबरा ओलांडू नये, असं मी म्हणाले नाही. तिनं पोरीला पाय फाकवून छातीशी धरलं आणि नगरची गाडी गाठायला निघाली. मला ये म्हणाली नाही, नको येऊस म्हणाली नाही. मी पिशवी घेऊन मागे. स्टँडपर्यंत तिची उजवी बाजू खाली जात होती, वर येत होती, आणि दर वेळी ती बाळाला जरा घट्ट धरत होती.