चिकित्सक जनकाबाई

तव्यावर भाकरी फुगत होती, शेषराव मोरीत अंघोळ करत होते आणि दाराची कडी वाजली. आमच्या साखरखेर्ड्यात सकाळी कोणी कडी वाजवत नाही, अंगणातूनच हाक मारतात. दार उघडलं तर जनकाबाई. आमच्या शेडनेटमध्ये मिरचीच्या बियाण्याचं काम करणारी, पन्नाशीची बाई. तिनं पदर उलटा केला आणि ओट्यावर बारक्या हिरव्या मिरच्यांचा ढीग पडला. प्रत्येकीच्या देठाला लाल दोरा.

"चार ओळींतल्या लाल दोऱ्याच्या साऱ्या पाडल्या, वहिनी. भाऊले सांगाले आली."

कंपनीला बियाणं द्यायच्या मिरचीचं काम नाजूक. कळी उमलायच्या आधी चिमट्यानं उघडून आतले पुंकेसर काढायचे, दुसऱ्या दिवशी नराच्या फुलाची पूड लावायची आणि खूण म्हणून त्या दिवसाच्या रंगाचा दोरा बांधायचा. कळी आधीच उमललेली असली तर टाकून द्यायची, कारण तिनं आपल्याच पुडीवर फळ धरलेलं असतं. बाकीच्या बाया एखादी चालवून घेत. जनकाबाई मात्र एकेक कळी पार नाकाशी नेऊन पाही. त्यांच्यातली पंचफुला म्हणे, फुलं हुंगाले येते का कामाले? आणि माघारी सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द, चिकित्सक.

हा शब्द आमच्याकडे ओठ मुडपून म्हणतात. दहा पोरी पाहून नाक मुरडणारा नवरदेव चिकित्सक, बाजारात वांगं उलटंपालटं करून परत टोपलीत टाकणारी बाई चिकित्सक. कॉलेजात आमचे मराठीचे सर वही परत देताना एखादीला 'चिकित्सक आहेस हो' म्हणत, तेव्हा ती दिवसभर ताठ मानेनं चालायची. लग्न होऊन इथं आले, तेव्हा तो अर्थ काही माझ्याबरोबर आला नाही.

लाल दोरा बांधला त्या दिवशी आणि आदल्या दिवशीही जनकाबाई भाचीच्या लग्नाला वरवट बकालला होती. परत येऊन तिनं फळं उलटून पाहिली, तर कितीतरी फळांच्या बुडाशी पुंकेसर तसेच वाळून चिकटलेले. त्या दिवसातली चांगली कोणती, वाईट कोणती, याची खात्री देता येईना. म्हणून सगळीच पाडली. विचारलं असतं तर भाऊनं पाडू दिली नसती, हेही तिनंच सांगून टाकलं.

शेषराव डोकं पुसत आले. ओट्याकडे पाहिलं. त्यांचा आवाज चढला नाही, त्याचीच मला भीती वाटली.

"जनकाबाई, कंपनीचा निकाल येऊ द्या. एवढं पाडूनही बियाणं शुद्ध नाही निघालं, त पुढच्या हंगामाले येऊ नका."

"अन् निघालं त?"

"त मागसान ते देईन."

ती मान हलवून कामावर गेली. तिच्या घरात कमावणारे ते दोनच हात, हे शेषरावांनाही ठाऊक होतं.

निकालाला महिने लागतात. कंपनी नमुना पेरते, झाडं वाढवते, मग बोलते. तेवढ्या दिवसांत जनकाबाईनं लोकांचा हरभरा सोंगला, पण आमच्या दाराशी फिरकली नाही.

जूनमध्ये फोन आला. गावातल्या सहा प्लॉटांपैकी चार नापास. आमचा पास, आणि सहांतला सगळ्यात शुद्ध. शेषराव दोनदा "पुन्हा सांगा" म्हणाले. मग चपला घालून स्वतःच जनकाबाईच्या घरी निघाले. मीही मागोमाग गेले.

बातमी आमच्या आधी पोचली होती. पंचफुला आपल्या नव्या सुनेला घेऊन तिथं बसलेली. "हिले तुह्या हाताखाली घे बाई," ती म्हणत होती, "तुह्यासारखी चिकित्सक होऊ दे." ओठ मुडपलेले नव्हते. माझ्या सरांचा शब्द तब्बल बावीस वर्षांनी साखरखेर्ड्यात पोचला होता.

शेषराव उभ्यानंच म्हणाले, "निघालं शुद्ध. मागा."

मला वाटलं, साडी मागेल, नाहीतर मजुरी वाढवून मागेल. जनकाबाईनं ओले हात पदराला पुसले.

"भाऊ, तीन वर्षं झाली, मले नाकाशी नेल्याशिवाय काही दिसत नाही. एक चष्मा करून द्या."