शर्टांच्या खोळी

कांदिवलीला आमच्या शेजारी एक गृहस्थ राहायचे. ब्याऐंशीच्या वर्ल्डकपपासून त्यांना देशोदेशीच्या फुटबॉल संघांचे शर्ट जमवायचा नाद लागला. बोटीवरचा भाऊ आणून द्यायचा. कपाटभर शर्ट, एकही धुतलेला नाही. "खेळाडूचा घाम गेला की किंमत गेली, वहिनी," म्हणायचे. बायकोच्या साड्या पलंगाखाली ट्रंकेत.

मी घरी शिवणकाम करायची. एकदा शर्टांना खोळी शिवून घ्यायला आले, आणि कापड म्हणून काढला काय, तर बायकोचा लग्नातला शालू.

"तिला विचारलंत?"

"त्यात काय विचारायचं? रेशीम मऊ असतं ना."

असा संताप आला, की हातातली कात्री मी आधी खाली ठेवली. शालू उचलला आणि तडक जाऊन तिच्या मांडीवर ठेवला.

"मग खोळींचं काय?" हे गृहस्थ मागून विचारतात.

"तुमचा लग्नातला सूट आणा. आत्ता कापते."

तो मात्र त्यांनी कधी आणला नाही.