नाडीचं दुसरं टोक

तिला सगळे काजवाली म्हणत. शिलाई कारखान्याचे शर्ट घरी आणून ती मशीनवर काजं करायची. दिवसाला तीस शर्ट, एकही काज वाकडं नाही. लहानपणी तापात कान गेले, बोलणं तेवढं राहिलं. ओठ बघून तिला सगळं कळायचं, नको ते जरा जास्तच.

मुलगी झाली तेव्हा घरच्यांना एकच घोर, पोरीचं रडणं हिला ऐकू कसं जाणार? तिने पांढरी नाडी घेतली, एक टोक पोरीच्या पायाला सैल बांधलं, दुसरं आपल्या मनगटाला. पाय झाडला की नाडीला हिसका बसायचा आणि मशीन तिथल्या तिथे थांबायचं. बाळं काही खुळी नसतात. चार महिन्यांत पोरीला कळलं, आवाज काढून आई येत नाही, पाय झाडला की येते. तिने रडणंच सोडलं.

सासूबाईंचं मात्र उचलली जीभ लावली टाळ्याला. "आठ महिन्यांचं पोर रडत नाही म्हणजे काय? हिच्याजवळ राहून मुकी होईल ती. चार माणसांत वाढू दे."

"बोलावते ती मला," काजवाली म्हणाली. "पायाने बोलावते."

"पायाने म्हणे!" सासूबाई हसल्या. नवरा आईपुढे ब्र काढणारा नव्हता. सोमवारी पोर नणंदेकडे गेली, नाडी घरीच राहिली.

तीन दिवस सगळी काजं तिरकी झाली. चौथ्या दिवशी कोणालाही न विचारता ती नणंदेच्या दारात उभी राहिली.

नणंद मनाने वाईट नव्हती. दूध, दुपटी, सगळं वेळेवर. "वहिनी, किती गुणी हो तुमची लेक!" ओठ कळावेत म्हणून ती सावकाश बोलली. "हूं नाही की चूं नाही. पहिले दोन दिवस नुसती पाय झाडत होती. मला वाटलं, खेळतेय. कालपासून तेही बंद. अगदी शांत."

काजवालीला कळून चुकलं. दोन दिवस लेक तिला हाका मारत होती, आणि घरभर धडधाकट कान असून एकालाही ऐकू गेलं नव्हतं.

पोर छताकडे बघत पडली होती. टाच गादीवर घासून लाल झालेली. आई समोर आली तरी नजर हलली नाही. काजवालीने पिशवीतून नाडी काढली, त्याच पायाला बांधली, दुसरं टोक मनगटाला गुंडाळलं आणि वाट बघत बसली. नाडी सैलच राहिली. शेवटी तिनेच आपल्या बाजूने हलकेच ओढली. पुन्हा ओढली.

"झोपू द्या ना तिला," असं काहीतरी नणंद म्हणाली असेल. तिने ओठांकडे बघितलंच नाही. ती ओढत राहिली.